ठोकळ्यांचा रणगाडा : भागाकार आणि बाकी

गणिताच्या तासाला भागाकार केला आणि बाकी उरली, तर ती वहीच्या कडेला लिहून आपण मोकळे होतो. पण एक छंद असा आहे, की त्यात ही बाकी वहीत राहत नाही. ती हातात येते, डोळ्यांना दिसते आणि तिला कुठे तरी जागा द्यावीच लागते. हा छंद म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांपासून खऱ्याखुऱ्या वाहनांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती बनवणे. जगभर अनेक मुले आणि मोठी माणसेही हा छंद करतात. त्यांतील पुष्कळांना रणगाडे, चिलखती गाड्या आणि लष्करी मालमोटारी बनवायला आवडते. आज आपण असाच एक रणगाडा कागदावर बनवू आणि वाटेत थोडे भूमितीचे, थोडे पदार्थविज्ञानाचे दर्शन घेऊ.

एका खुंटीचे माप

प्रथम ठोकळ्याची ओळख करून घेऊ. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले किर्क क्रिस्तियान्सेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी वस्तू व खेळणी करण्याचा उद्योग सुरू केला. त्याच कंपनीचे पुढे ‘लेगो’ हे नाव पडले. आज आपण पाहतो तो ठोकळा, म्हणजे वर गोल उंचवटे आणि खाली पोकळीत नळ्या असलेला, याच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज करण्यात आला. वरच्या गोल उंचवट्यांना आपण ‘खुंट्या’ म्हणू.

दोन शेजारच्या खुंट्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर असते ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. ठोकळ्याच्या एक तृतीयांश उंचीचा चपटा तुकडाही मिळतो. त्याला ‘पट्टी’ म्हणू. तिची उंची ३.२ मिलिमीटर. म्हणजे ३ पट्ट्या एकावर एक ठेवल्या की १ ठोकळा होतो. आता एक गंमत पहा. ५ पट्ट्यांची उंची ५ × ३.२ = १६ मिलिमीटर आणि २ खुंट्यांचे अंतरही २ × ८ = १६ मिलिमीटर. त्यामुळे काही तुकडे आडवे करून, खुंट्या बाजूला वळवूनही जोडता येतात आणि ते उभ्या तुकड्यांशी बरोबर जुळतात. प्रतिकृती करणाऱ्यांची निम्मी करामत या एका समीकरणावर उभी आहे.

तुमच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर असेल तर एका खुंटीचा ठोकळा मोजून पहा. तो ८ नव्हे, ७.८ मिलिमीटर भरेल. प्रत्येक बाजूला ०.१ मिलिमीटरची सवड मुद्दाम ठेवलेली असते. नाही तर शेजारीशेजारी लावलेले ठोकळे एकमेकांना रेटू लागतील. उलट खुंटी मात्र खालच्या पोकळीत किंचित घट्टच बसते. प्लास्टिक थोडे दबते, पुन्हा मूळ आकाराला येऊ पाहते आणि त्या लवचीक दाबामुळे निर्माण झालेले घर्षण दोन्ही ठोकळ्यांना धरून ठेवते. येथे डिंक नाही, खिळा नाही. काम करते ती केवळ स्थितिस्थापकता!

प्रमाण ठरवावे कसे?

आता रणगाडा निवडू. दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत संघाचा ‘टी-३४’ हा रणगाडा प्रसिद्ध आहे. खारकोव्ह येथे मिखाईल कोश्किन या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तो आकाराला आला आणि १९४० मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. १९४४ मध्ये त्यावर ८५ मिलिमीटरची मोठी तोफ आणि मोठा फिरता बुरूज आला. हा सुधारलेला प्रकार म्हणजे टी-३४-८५. त्याची मुख्य मापे अशी : तोफ वगळून लांबी ६.१० मीटर, रुंदी ३.०० मीटर, उंची सुमारे २.७२ मीटर, वजन ३२ टन आणि प्रत्येक बाजूला ५ मोठी चाके.

प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून लष्करी प्रतिकृती करणारे लोक १:७२, १:४८, १:३५ अशी प्रमाणे वापरतात. १:७२ चा अर्थ लावणे सोपे आहे : ६ फुटांचा माणूस १ इंचाचा. १:३५ ही संख्या मात्र विचित्र वाटते. तिचा उगमही तसाच आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मन पँथर रणगाड्याची मोटरवर चालणारी प्रतिकृती काढली. तिच्या पोटात विजेचे घट मावायला हवे होते. त्यानुसार आकार ठरला आणि तो खऱ्याच्या साधारण ३५ व्या हिश्शाइतका भरला. पुढे तेच प्रमाण रूढ झाले.

ठोकळ्यांनी बांधणाऱ्यालाही अशीच अडचण असते, पण ती वेगळ्या जागी. लांबी हवी तर चार खुंट्या वाढवता येतात, उंची हवी तर एक पट्टी चढवता येते, पण चाक? चाक तयारच मिळते. ते कापता येत नाही की फुगवता येत नाही. म्हणून जाणकार लोक आधी चाक शोधतात आणि मग प्रमाण ठरवतात.

टी-३४ च्या चाकाचा व्यास ८३० मिलिमीटर. ठोकळ्यांच्या यांत्रिक संचात पट्टा फिरवण्यासाठी एक कप्पी असते. तिचा व्यास २४ मिलिमीटर. ८३० ला २४ ने भागा. उत्तर येते ३४.६. म्हणजे १:३५ हे प्रमाण आपल्याला जणू चाकानेच सुचवले. या प्रमाणात एक खुंटी म्हणजे ८ × ३५ = २८० मिलिमीटर आणि एक पट्टी म्हणजे ३.२ × ३५ = ११२ मिलिमीटर. थोडक्यात, आपल्या मोजपट्टीवरची सर्वांत लहान आडवी रेघ २८ सेंटिमीटरची झाली!

बाकी ठेवायची कुठे?

आता भागाकार करत जाऊ.

लांबी : ६१०० ÷ २८० = २१.८. आपण २२ खुंट्या घेऊ. चूक सुमारे १ टक्का.

उंची : २७२० ÷ ११२ = २४.३. आपण २४ पट्ट्या घेऊ. चूक सुमारे सव्वा टक्का, पण कमी बाजूला.

रुंदी : ३००० ÷ २८० = १०.७. आपण ११ खुंट्या घेऊ. चूक पावणेतीन टक्के.

इथपर्यंत ठीक झाले. परंतु रुंदी ही एकसंध वस्तू नाही. दोन्ही कडांना ५०० मिलिमीटर रुंदीचे साखळपट्टे आहेत आणि त्यांच्यामध्ये २००० मिलिमीटरचे धड आहे. साखळपट्टा ५०० ÷ २८० = १.८ खुंट्या; धड २००० ÷ २८० = ७.१ खुंट्या. पट्ट्याला २ आणि धडाला ७ खुंट्या दिल्या तर २ + ७ + २ = ११, बेरीज जुळली. पण चूक कुठे गेली पहा. धड २ टक्क्यांनी अरुंद झाले, तर साखळपट्टा १२ टक्क्यांनी रुंद झाला! एकूण चूक लहान होती, तरी एका भागाच्या वाट्याला ती बरीच मोठी आली.

चाकांचेही असेच. पहिल्या व शेवटच्या चाकाच्या मध्यांतील अंतर ३.८५ मीटर, म्हणजे १३.७५ खुंट्या. ते १४ धरले तर ५ चाकांमधल्या ४ अंतरांत ते वाटायचे : प्रत्येकी साडेतीन खुंट्या. अर्धी खुंटी आणायची कोठून? त्यासाठी दोन खुंट्यांच्या लांबीची, पण मधोमध एकच खुंटी असलेली एक खास पट्टी मिळते. ती लावली की वरचे बांधकाम अर्ध्या खुंटीने, म्हणजे ४ मिलिमीटरने सरकते. ८ मिलिमीटरच्या चौकटीत राहून ४ मिलिमीटरचे माप साधले.

येथे तुमच्या लक्षात येईल, की प्रतिकृती म्हणजे बिनचूक नक्कल नव्हे. ठोकळे पूर्णांकांत मोजतात, खरे जग तसे मोजत नाही. बाकी उरणारच. ती कुठे ठेवायची हे ठरवणे म्हणजे प्रतिकृती करणे. चांगला कारागीर ती डोळा जिथे सहज अडकत नाही तिथे ठेवतो. साखळपट्टा थोडा रुंद झालेला चटकन कळत नाही. बुरूज थोडा जरी मोठा झाला तरी रणगाडा ओळखू येत नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगात आपण ‘शेकडा चूक’ काढतो ना, त्याच हिशेबाची ही खेळातली बाजू आहे.

उतरत्या चिलखताचा त्रिकोण

टी-३४ चे मोठे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे तिरपे चिलखत. समोरचा पोलादी पत्रा ४५ मिलिमीटर जाड आहे, पण तो उभा नाही. उभ्या रेषेपासून ६० अंश मागे कललेला आहे. समोरून आडवा येणारा गोळा या पत्र्यातून जाऊ लागला तर त्याला किती पोलाद भेदावे लागेल? ४५ ला कोज्या ६०° ने, म्हणजे १/२ ने भागा. उत्तर ९० मिलिमीटर. पत्रा तेवढाच जाड, पण गोळ्याच्या वाटेत दुप्पट पोलाद! शिवाय तिरक्या पृष्ठभागावरून गोळा निसटून जाण्याचाही संभव. वहीचे पान उभे धरा, मग कलते धरा आणि त्यातून आडवी पेन्सिल जाते असे मनात आणा. मुद्दा स्पष्ट होईल.

हा उतार ठोकळ्यांत आणायचा तर जमिनीशी ३० अंशांचा कोन हवा. तयार उतरत्या ठोकळ्यांत ४५ अंशांचे आणि ३३ अंशांचे तुकडे मिळतात. ३३ जवळचा आहे, पण एवढा मोठा पत्रा लहान तुकड्यांचा केला तर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. मग लांब पट्ट्या बिजागरीवर तिरप्या बसवाव्या लागतात आणि पायथागोरस मदतीला येतो.

३, ४, ५ चा त्रिकोण तुम्हाला ठाऊक आहेच. ४ खुंट्या आडव्या, ३ उभ्या, तर तिरपी बाजू बरोबर ५. भोके जुळतात, पण कोन येतो ३६.९ अंशांचा, आपल्या रणगाड्याला तो फार उभा. नेमका ३० अंशांचा काटकोन त्रिकोण घेतला तर त्याच्या दोन लहान बाजूंचे गुणोत्तर १ : √३ असते. √३ ही अपरिमेय संख्या. म्हणून पूर्ण खुंट्यांच्या जाळीवर हा कोन कधीच तंतोतंत सापडणार नाही. रणगाडा कितीही मोठा करा!

पण जवळचे उत्तर शोधता येते. ७ आडव्या आणि ४ उभ्या घ्या. कोन येतो २९.७ अंश. तिरप्या बाजूचा वर्ग ४९ + १६ = ६५ आणि ८ चा वर्ग ६४. म्हणजे ८ खुंट्यांची तिरपी बाजू जवळजवळ बसते. ‘जवळजवळ’ म्हणजे किती? ६४ मिलिमीटरच्या जागी ६४.५ मिलिमीटर हवे. अर्ध्या मिलिमीटरची बाकी. दोन्ही टोके जबरदस्तीने अडकवली तर प्लास्टिक ताणात राहते आणि दीर्घकाळ ताणात राहिलेले प्लास्टिक हळूहळू वाकते. म्हणून शहाणा कारागीर एक टोक बिजागरीला जोडतो आणि दुसरे नुसते टेकवून ठेवतो. बाकीला हालचालीची मुभा दिली, की ती त्रास देत नाही.

जे ३५ ने भागता येत नाही

आकार तर जमला. आता वजनाकडे वळू. सर्व लांब्या ३५ पट लहान केल्या तर क्षेत्रफळे ३५ × ३५ = १,२२५ पट आणि घनफळे ३५ × ३५ × ३५ = ४२,८७५ पट लहान होतात. आपली प्रतिकृती खऱ्या रणगाड्याच्याच धातूंची, आतल्या प्रत्येक भागासह केली, तर तिचे वजन ३२,००० ÷ ४२,८७५ = सुमारे ०.७५ किलोग्रॅम भरेल. ३२ टन कुठे आणि पाऊण किलो कुठे!

आता दाब पाहू. खऱ्या रणगाड्याचे जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ २ × ०.५ × ३.८५ = ३.८५ चौरस मीटर, म्हणजे ३८,५०० चौरस सेंटिमीटर. ३२,००० किलोग्रॅम या क्षेत्रफळावर वाटले तर दर चौरस सेंटिमीटरला ०.८३ किलोग्रॅम भार येतो. समजा, ५० किलोचा एक मुलगा एका पायावर उभा आहे आणि त्याच्या तळव्याचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर आहे. त्याचा भार दर चौरस सेंटिमीटरला ०.३३ किलोग्रॅम. म्हणजे ३२ टनांचा रणगाडा जमीन दाबतो ती या मुलाच्या केवळ अडीच पट! चिखलात आणि बर्फात रणगाडा का चालतो, याचे उत्तर त्याच्या रुंद साखळपट्ट्यांत आहे.

प्रतिकृतीत काय होते? वजन ४२,८७५ पटींनी घटले, क्षेत्रफळ मात्र १,२२५ पटींनीच. म्हणून दाब ३५ पटींनी कमी झाला. तुमचा रणगाडा वाळूच्या ढिगावर न रुतता चढला तर त्यावरून खऱ्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आकार सारखा ठेवला म्हणून वागणूक सारखी राहत नाही. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा प्राण्यांच्या हाडांची उदाहरणे देऊन मांडला होता.

आत बसणारी माणसे

आता शेवटचा आणि महत्त्वाचा भागाकार. टी-३४-८५ मध्ये ५ माणसे असत : चालक आणि त्याच्या शेजारी यंत्रबंदूकवाला पुढे, नायक, तोफ रोखणारा आणि गोळा भरणारा असे तिघे वरच्या बुरुजात. बुरूज ज्या कड्यावर फिरतो त्याचा व्यास १६०० मिलिमीटर. आपल्या प्रतिकृतीत तो येतो ४५.७ मिलिमीटर, म्हणजे ६ खुंट्यांहून थोडा कमी.

ठोकळ्यांच्या संचातला पिवळ्या तोंडाचा छोटा माणूस घ्या. तो साधारण ४ सेंटिमीटर उंच असतो. १:३५ ने गुणले तर तो १ मीटर ४० सेंटिमीटरचा, म्हणजे तुमच्याएवढा. हातांसह त्याची रुंदी मात्र तीन खुंट्यांच्या आसपास, म्हणजे खऱ्या मापात ८० सेंटिमीटरहून अधिक! उंचीने मूल आणि रुंदीने पहिलवान. या माणसाला एक असे प्रमाणच नाही. शिवाय ४५ मिलिमीटरचे चिलखत १:३५ मध्ये केवळ १.३ मिलिमीटर जाड हवे. आपली सर्वांत पातळ पट्टी ३.२ मिलिमीटरची. भिंती जाड झाल्या, आतली जागा आणखी घटली. तिघे जण बुरुजात मावत नाहीत. म्हणून बहुतेक प्रतिकृतींचे पोट रिकामे असते किंवा ठोकळ्यांनी भरलेले असते. झाकण लावले की बाहेरून काही कळत नाही.

पण ही बाकी नजरेआड करण्यासारखी नाही. युद्धकाळात पन्नास हजारांहून अधिक टी-३४ तयार झाले आणि त्यांतील मोठा भाग युद्धातच नष्ट झाला. प्रत्येकात चार-पाच तरुण होते. मॉडेल पाहताना आपण चिलखताचा उतार, चाकांची रचना, तोफेची लांबी यांची वाहवा करतो; आतल्या अंधाराची, उष्णतेची, आवाजाची आणि भीतीची प्रतिकृती होत नाही. लेगो कंपनी स्वतः सध्याच्या युद्धांतील खऱ्या लष्करी वाहनांचे संच काढत नाही. पहिल्या महायुद्धातील ‘सोपविथ कॅमल’ हे विमान तिने काढले होते. परंतु २०२० साली ‘ऑस्प्रे’ या विमानाचा संच, तो बचावकार्याच्या रूपात असूनही, जर्मनीतील एका शांततावादी संघटनेने आक्षेप घेतल्यावर विक्रीला येण्याआधीच मागे घेण्यात आला. पोलंडची ‘कोबी’ कंपनी मात्र रणगाड्यांचे संच काढते. यांत बरोबर कोण, हे तुम्ही घरी आणि वर्गात अवश्य बोला. माझे मत विचाराल तर, रणगाडा बांधण्यात वाईट काही नाही. पण ज्याने तो बांधला त्याला आत माणसे कुठे बसत होती हे माहीत असले पाहिजे.

करून पहा

त्यासाठी एक साधा प्रयोग सुचवतो. याला ठोकळे लागत नाहीत, म्हणून ज्यांच्याकडे हे महाग खेळणे नाही त्यांनाही तो करता येईल.

शाळेच्या पटांगणावर खिळा आणि ८० सेंटिमीटर दोरी घेऊन खडूने वर्तुळ काढा. त्याचा व्यास १.६ मीटर होईल; हे टी-३४-८५ च्या बुरुजाचे कडे. वर्तुळाच्या मधोमध, पुढच्या बाजूला एक स्टूल ठेवा. तो तोफेचा मागचा भाग समजा. आता तिघे जण आत बसा. दोघे स्टुलाच्या एका बाजूला एकामागे एक, तिसरा दुसऱ्या बाजूला. तिसऱ्याच्या हातात दप्तर द्या. त्याने ते दर पाच सेकंदांनी उचलून स्टुलावर ठेवायचे आणि परत घ्यायचे, कोणाला धक्का न लावता आणि खडूची रेघ न ओलांडता. खऱ्या गोळ्याचे, म्हणजे काडतुसासकट पूर्ण फेरीचे, वजन सुमारे १६ किलो असे; आपले दप्तर त्याहून हलके असेल, एवढा दिलासा! दोन मिनिटे हा खेळ करा आणि किती वेळा रेघ ओलांडली ते मोजा.

ज्यांना खरा रणगाडा जवळून पाहायचा आहे त्यांनी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालयाला भेट द्यावी. निरनिराळ्या देशांचे रणगाडे तेथे मांडले आहेत. जाताना वही न्या. साखळपट्ट्याची रुंदी वितीने अजमावा, चाके मोजा, पुढच्या पत्र्याचा उतार अंदाजाने लिहा. घरी आल्यावर २८० ने भागा. बाकी किती उरते आणि ती तुम्ही कुठे ठेवाल, हे ठरवा.